ऊब, डास आणि ताप : 'कारण' कशाला म्हणायचं?

मागच्या व्याख्यानात आपण न्यायदर्शनातला कारणविचार पाहिला. मडकं घडायला माती लागते, कुंभार लागतो, चाक लागतं, ते फिरवायला काठी लागते. यांतलं प्रत्येक जण कारणच, पण प्रत्येकाचं कारणपण वेगळ्या तऱ्हेचं, इथपर्यंत आपण आलो होतो. नंतर बऱ्याच श्रोत्यांनी कळवलं की हे रोजच्या जगण्यातल्या एखाद्या प्रश्नाला लावून दाखवा. तर आज तसा एक प्रश्न घेऊ. हवा तापतेय म्हणून डेंग्यू-मलेरिया वाढतोय, असं आपण हल्ली वरचेवर वाचतो. या वाक्यातला 'म्हणून' कितपत खरा?

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ऊन हेच कारण असं एकदा ठरलं, की कोणाला जाब विचारायचा प्रश्नच उरत नाही. आभाळाला कोण नोटीस देणार? उलट उन्हाचा काही संबंध नाही असं म्हटलं, तर फवारणीची आणि तपासणीची जुनी वेळापत्रकं तशीच चालू राहतात आणि साथ त्यांच्या आधी येऊन जाते. दोन्ही उत्तरांची किंमत शेवटी तापाने फणफणलेल्या माणसाला मोजावी लागते. म्हणून हा 'म्हणून' नीट तपासला पाहिजे. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, कीटकशास्त्राचे नव्हे. त्या शास्त्रातल्या लोकांनी जे शोधून ठेवलंय ते समोर ठेवू आणि त्याची तर्काच्या अंगाने उकल करू.

डासाच्या पोटात काय चालतं

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी एक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या डासाने काही दिवसांपूर्वी मलेरियाच्या रुग्णाचं रक्त प्यायलं होतं. त्याच्या जठराच्या भिंतीवर रॉसना मलेरियाच्या परजीवीच्या गाठी दिसल्या. तोवर हा आजार दलदलीच्या खराब हवेतून येतो असं मानत. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ अर्थच खराब हवा. आपला 'हिवताप' हा शब्द मात्र अंगात भरणाऱ्या हिवावरून आला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डास रुग्णाला चावला की लगेच दुसऱ्याला रोग देऊ शकतो, असं नाही. डासाने रक्ताबरोबर ओढून घेतलेला परजीवी आधी जठरात वाढतो, भिंतीवर गाठ धरतो, ती गाठ फुटते आणि मग तो लाळग्रंथीपर्यंत पोचतो. तिथे पोचल्यावरच डासाचा चावा घातक होतो. डेंग्यूचा विषाणू असाच प्रवास करतो, फक्त त्याची तऱ्हा वेगळी. या मधल्या काळाला आपण 'पिकण्याचा काळ' म्हणू. आढीतला आंबा जसा पिकावा लागतो, तसा रोग डासात पिकावा लागतो.

आणि पिकणं आलं की ऊब आली. माणसाचं अंग पुण्यात काय, काश्मिरात काय, ३७ अंशांच्या आसपासच राहतं. डासाचं तसं नाही. तो जिथे बसलाय तिथलं तापमान तेच त्याच्या अंगाचं तापमान. त्यामुळे बाहेरची हवा थंड झाली की डासाच्या पोटातली आढीही थंड होते.

थोडं गणित करू

मलेरियाच्या परजीवींचे प्रकार बरेच आहेत. त्यांतला फाल्सिपेरम हा सगळ्यांत जिवावर बेतणारा. त्याच्यासाठी शास्त्रज्ञ एक जुना हिशेब वापरतात. १६ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाढ थांबते. त्याच्या वर जितके अंश, तितकी रोजची कमाई. आणि अशी १११ ची पुंजी जमली की परजीवी पिकला. म्हणजे तापमान १८ अंश असेल तर रोज २ जमा, आणि लागणार साधारण ५५ दिवस. २० अंशांना २८ दिवस. २५ अंशांना १२ दिवस. २८ अंशांना ९ दिवसांच्या आसपास. व्हायव्हॅक्स नावाचा दुसरा परजीवी थोड्या कमी उबेतही भागवतो. त्याची वाढ साडेचौदा अंशांपासून सुरू होते आणि पुंजीही १०५ पुरते.

तुम्ही म्हणाल, मग ५५ दिवस तर ५५ दिवस, उशिरा का होईना पिकेलच की! इथेच खरी मेख आहे. डास तितके दिवस जगायला हवा ना? समजा, रोज शंभरातले दहा डास मरतात. कोणी पाखरांच्या तोंडी, कोणी कोळ्याच्या जाळ्यात, कोणी आपल्या टाळीत. आज रक्त प्यायलेल्या शंभर डासांपैकी १२ दिवसांनी २८ उरतील. २८ दिवसांनी ५ उरतील. आणि ५५ दिवसांनी? हजारातले तीन.

म्हणजे १८ अंशांना डास असतील, चावतीलही, पण परजीवी पिकेपर्यंत टिकणारा डास जवळपास नसेल. तेच २५ अंशांना शंभरातले २८ डास रोग घेऊन फिरतील. डास तेवढेच, माणसं तीच, फक्त सात अंशांचा फरक. शिवाय उबेत डासाने प्यायलेलं रक्त लवकर पचतं, म्हणून मादी लवकर अंडी घालते आणि लवकर पुन्हा चावायला येते. रोग पसरायला दोन चावे लागतात, एक घेण्याचा आणि एक देण्याचा; त्यामुळे चावण्याचा वेग वाढला की त्याचा परिणाम दोनदा मोजावा लागतो.

मग ऊन जितकं कडक तितका मलेरिया जास्त? नाही. उन्हाने परजीवी लवकर पिकतो, हे खरं. पण एका मर्यादेनंतर उन्हाने डासच मरायला लागतो. समजा, ३५ अंशांना परजीवी सहा दिवसांत पिकणार आहे, पण त्या उष्म्यात रोज निम्मे डास मरताहेत. सहा दिवसांनी शंभरातले एक-दोन उरतील. लवकर पिकून उपयोग काय? बरीच वर्षं शास्त्रज्ञ मलेरियाला सगळ्यांत मानवणारं तापमान ३१ अंश धरत होते. २०१३ मध्ये एरिन मॉर्डेकाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डास आणि परजीवी या दोघांच्या सगळ्या अवस्था एकत्र मांडून हिशेब केला, तेव्हा तो आकडा २५ अंशांवर आला. २८ च्या पुढे मलेरियाचा प्रसार भराभर उतरतो आणि ३४ च्या सुमाराला जवळजवळ थांबतो. डेंग्यूचा मुख्य वाहक असलेला एडीस इजिप्ती मात्र उन्हाचा गडी. त्याच्यामार्फत होणाऱ्या प्रसाराला २९ अंशांच्या आसपासची हवा सगळ्यांत मानवते. डेंग्यूचा विषाणू २५ अंशांना सरासरी १५ दिवसांत पिकतो, तर ३० अंशांना साडेसहा दिवसांत.

तेव्हा 'तापमान वाढलं की डासांचे आजार वाढतात' हे वाक्य आहे तसं उभं राहत नाही. थंड डोंगराळ भागात तापमान वाढलं तर मलेरिया वर चढतो. इथिओपिया आणि कोलंबियाच्या पहाडी भागांतल्या नोंदी तपासून २०१४ मध्ये हे दाखवलं गेलं, की ज्या वर्षी ऊब जास्त त्या वर्षी मलेरिया जास्त उंचीवरच्या वस्त्यांत पोचतो. पण जिथे आधीच फार गरम आहे, तिथे आणखी तापलं तर मलेरिया उतरेल आणि त्याची जागा डेंग्यू घेऊ शकेल. एकच ऊब, पण एका ठिकाणी दार उघडते, दुसऱ्या ठिकाणी बंद करते.

सरासरी फसवते

इथे एक सावधगिरी. हवामानाच्या नोंदींत आपण सरासरी पाहतो, पण डास काही सरासरीत जगत नाही. एखाद्या गावाची सरासरी १६ अंश आहे. वरच्या हिशेबाने फाल्सिपेरमची रोजची कमाई शून्य. पण दिवसाचे बारा तास २२ अंश आणि रात्रीचे बारा तास १० अंश असतील तर? दिवसा सहा अंशांची कमाई अर्धा दिवस होते, म्हणजे रोज ३ जमा. रात्री काही जमत नाही, पण जमलेलं वजाही होत नाही. १११ ला ३ ने भागा, ३७ दिवसांत पीक तयार! हिशेब ढोबळ आहे, पण प्रयोगांतूनही तेच दिसलंय: सरासरी कमी असताना दिवस-रात्रीचा चढउतार परजीवीला मदत करतो, आणि सरासरी जास्त असताना अडवतो.

पुण्याचा जानेवारी घ्या. पहाटे ११-१२ अंश, दुपारी ३० च्या घरात. 'थंडी पडली, आता डासांची काळजी मिटली' असं म्हणणारा माणूस पहाटेचा आकडा पाहून बोलतो, डास दुपारच्या उबेवर जगतो.

दुसरं असं, की वेधशाळेचा तापमापक मोकळ्यावर असतो आणि डास आपल्या पलंगाखाली, खुंटीवरच्या कपड्यांमागे, मोरीत. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. त्या उन्हात एडीस टिकू नये. पण आपण काय करतो? खिडकीला कूलर लावतो. कूलरची टाकी म्हणजे अंडी घालायला तयार हौद, आणि कूलरने गार, दमट केलेली खोली म्हणजे डासाला विसावा. आपल्या आणि त्याच्या आवडीनिवडी फार वेगळ्या नाहीत, बरं का!

अन्वय आणि व्यतिरेक

आता तर्काकडे येऊ. एखादी गोष्ट कारण आहे की नाही हे ठरवायला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेकाची कसोटी आहे. ते असताना हे असतं, आणि ते नसताना हे नसतं, असं दोन्ही बाजूंनी दिसलं पाहिजे. ऊब आणि मलेरिया यांना ही कसोटी लावून पाहू.

आधी इंग्लंडकडे जाऊ. सोळाव्या-सतराव्या शतकात युरोप आजच्यापेक्षा थंड होता. त्या काळाला 'छोटं हिमयुग' म्हणतात. तरी इंग्लंडच्या किनाऱ्यालगतच्या पाणथळ भागांत हिवतापाने माणसं आजारी पडत होती, मरत होती. उन्हाळ्याचे थोडे आठवडे आणि उबदार गोठे-घरं एवढ्यावर त्या परजीवीचं भागत होतं. हिवाळा तो माणसाच्या यकृतात झोपून काढत असे. पुढे एकोणिसाव्या शतकापासून तिथली हवा हळूहळू उबदार व्हायला लागली, आणि मलेरिया? तो मागे हटला. दलदली उपसून शेती झाली, गुरं वाढली, त्यामुळे डासांना माणसाऐवजी गुरांचं रक्त मिळू लागलं, घरं सुधारली, क्विनीन स्वस्त झालं. ऊब वाढत असताना रोग गेला.

आता आपला देश. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात, असा अंदाज होता. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, घराघरांच्या भिंतींवर डीडीटी मारलं गेलं. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. मग ढिलाई आली, डास औषधाला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर गेला. साडेसात कोटींवरून एक लाख, तिथून ६४ लाख! या तीस वर्षांत देशाचं तापमान असं खालीवर झालं होतं का? मुळीच नाही.

मुंबईचं उदाहरण आणखी बोलकं. समुद्रामुळे तिथलं सरासरी तापमान जानेवारीत २४-२५ अंश, मे महिन्यात ३० च्या आसपास. म्हणजे मलेरियाचं दार मुंबईत बाराही महिने उघडं. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, तेव्हा त्यांना विहिरींमध्ये अॅनाफिलीस स्टीफन्सी या डासाच्या अळ्या सापडल्या. उपाय होता विहिरी बुजवणं आणि झाकणं. आजही हा डास गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात वाढतो. ज्या शहरात ऊब बाराही महिने पुरेशी आहे, तिथे एखाद्या वस्तीत मलेरिया आहे आणि शेजारच्या वस्तीत नाही, हा फरक तापमान कसा करणार? तो टाकीवरचं झाकण करतं.

मग निष्कर्ष काय? ऊब नसेल तर रोग नाही, हा व्यतिरेक टिकतो. ऊब असली की रोग असतोच, हा अन्वय टिकत नाही. अशा गोष्टीला आपल्याकडे सहकारी कारण म्हणतात. पावसाशिवाय पीक येत नाही, पण पाऊस पडला म्हणून न पेरलेल्या शेतात ज्वारी उगवत नाही. सहकारी कारण म्हणजे बिनमहत्त्वाचं कारण, असं मात्र समजू नका. ते केव्हा आणि कुठे, हे ठरवतं.

आपल्या हातात किती अंश आहेत?

मघाचं गणित पुन्हा घेऊ. २५ अंश तापमान, परजीवी पिकायला १२ दिवस, रोज शंभरातले दहा डास मरतात, आणि शेवटी २८ उरतात. आता समजा, आपण भिंतींवर औषध मारलं, औषध लावलेल्या मच्छरदाण्या वापरल्या, आणि रोज दहाऐवजी वीस डास मरायला लागले. १२ दिवसांनी किती उरतील? सात. अठ्ठावीसचे सात. आणि २० अंशांना किती उरत होते? पाच. म्हणजे डासांचं रोजचं मरण दहावरून वीसवर नेणं हे हवा जवळजवळ पाच अंशांनी थंड करण्यासारखं आहे. आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण मूळ युक्तिवाद जॉर्ज मॅकडोनल्ड यांचा, १९५० च्या दशकातला: डास किती आहेत यापेक्षा ते किती दिवस जगतात, याला मलेरियात जास्त महत्त्व. हवामानबदलाने जे अंश वाढले, त्यांची भरपाई इथे करता येते. हे आम्हाला आजच्या व्याख्यानातलं सगळ्यांत आशेचं वाटतं.

डेंग्यूत थोडं वेगळं आहे. एडीस दिवसा चावतो, त्यामुळे मच्छरदाणी तान्ह्या मुलांना आणि दुपारी झोपणाऱ्यांनाच उपयोगी. तिथे पाण्यावरच लक्ष द्यावं लागतं: पिंप, रांजण, कुंडीखालच्या ताटल्या, टायर, करवंट्या, फ्रीजमागचं भांडं. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. आठवडाच का? कारण उबेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. पंधरवडा धरून चालणार नाही. आणि पाणी नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासायला हवं. एडीसची अंडी काठाला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात.

इथे एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे. त्या लिहितात, 'आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पिंप कोरडं करून ठेवलं तर प्यायचं काय?' हा प्रश्न आजच्या विषयाच्या गाभ्याचा आहे. डॉक्टर म्हणणार, कारण विषाणू. हवामानवाले म्हणणार, कारण ऊब. आरोग्यसेवक म्हणणार, कारण तुमचं पिंप. आणि पिंप का आहे, तर नळाला पाणी नाही म्हणून. कारणांच्या साखळीतली कोणती कडी आपण 'कारण' म्हणून उचलतो, त्यावर दोष कोणाच्या माथी जातो हे ठरतं. ताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर पिंपाला घट्ट झाकण किंवा दुहेरी फडकं बांधा, मोठा हौद असेल तर गप्पी मासे सोडा, आणि पाणी येण्याच्या दिवशी भरण्याआधी पिंप आतून घासा. पण नळाला रोज पाणी देणं हाही डेंग्यूवरचा उपाय आहे, हे नगरपालिकेला सांगायचं काम तुमच्या एकटीचं नाही, आपल्या सगळ्यांचं आहे.

शेवटी ऊब जे ठरवते त्या 'केव्हा'बद्दल. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पुण्यातल्या डेंग्यूचा अभ्यास करून २०२५ च्या जानेवारीत निष्कर्ष मांडले. पावसाळ्यात तापमान २७ अंशांच्या वर, हवेतली आर्द्रता ६० ते ७८ टक्के आणि पाऊस बेताचा पण सलग पसरलेला, असं जमून आलं की डेंग्यूला फावतं. आठवड्यात १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस कोसळला तर मात्र अंडी-अळ्या वाहून जातात आणि जोर कमी होतो. आणि महत्त्वाचं म्हणजे, अशी हवा जमून येणं आणि डेंग्यूचे मृत्यू वाढणं यांच्यात काही महिन्यांचं अंतर असतं.

काही महिने म्हणजे पुष्कळ वेळ. अॅबेटिंग करायला, टाक्या तपासायला, रुग्णालयांत खाटा आणि रक्तबिंबिकांची तजवीज करायला पुरेसा. हवेकडे बघून आपल्याला आधी कळू शकतं. आणि जे आधी कळलं होतं, त्याबद्दल नंतर 'निसर्गापुढे काय चालणार' असं कोणाला म्हणता येत नाही. ऊब सहकारी कारण आहे म्हटल्यावर बाकीच्या कारणांचा हिशेब मागता येतो. तो तुम्ही आपापल्या गावात मागावा, आणि सुरुवात आपल्या गच्चीवरच्या टाकीपासून करावी.

पुढच्या व्याख्यानात याच धाग्याने 'अपघात कशाला म्हणायचं' हा प्रश्न घेऊ.